करिष्मा, वय चौदा

पोरगी तुम्ही पळवली, साहेब. दुसरा शब्द नाही.

तुमच्या कागदावर ‘काळजी आणि संरक्षण’ असं लिहिलंय. लिहा. पण भूगोलाचा तास चालू असताना, वही उघडी असताना, नववीतल्या पोरीला बाकावरून उठवून जीपमध्ये घातली. चार घरं पलीकडं असलेल्या आईला बोलावलं नाही, बापाला फोन केला नाही. ह्याला आमच्याकडं पळवणंच म्हणतात. शाळेत न जाणारी पोरगी शोधायला तुम्ही निघाला होता, आणि ती सापडली शाळेत. तरी तुमचा हात थांबला नाही.

आता जे तुमच्या फायलीत नाही ते ऐका.

पोरीचा बाप अजिनाथ, पाटोदा तालुक्यातल्या वस्तीवरचा. त्याच्या वर्षाचे दोनच तुकडे. दिवाळी झाली की ऊस आणि चैत्र लागला की लुगडं. बारा वर्षांचा असताना गावच्या भारुडात गवळण व्हायला कुणी पोरगा तयार होईना, तेव्हा ह्याला उभा केला. डोक्यावर घागर घेऊन तो असा चालला, की पुढं बसलेल्या बायांनी तोंडाला पदर लावले. हसायला नव्हे. आपण चालतो तेव्हा अशा दिसतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं.

पुढं लग्न झाल्यावर भारुडातूनच त्याला पार्टीवाल्या सुग्रीवनं उचललं. सुग्रीवची लावणीची पार्टी, नाचणारे सगळे गडी. पहिली मोठी यात्रा माजलगावकडची. अजिनाथ तोंडाला रंग लावून पडद्यामागं उभा होता आणि घरून निरोप आला, मुलगी झाली. सुग्रीव माइक धरून ओरडला, “आरं तुजं नाव काय सांगू? अजिनाथ म्हणलं तर लोक खेटरं मारतील.” अजिनाथच्या डोक्यात त्या घडीला एकच नाव होतं, पोरीसाठी ठरवलेलं. तेच तोंडातून गेलं. करिष्मा.

पोरगी आणि स्टेजवरची बाई, दोघी एका दिवशी जन्मल्या. दोघी एकाच नावावर वाढल्या. यात्रेत ‘करिष्मा आली रं’ म्हटलं की माणसं बैलगाड्यांच्या जुवांवर चढून बघायची. तीच माणसं दुसऱ्या दिवशी हॉटेलात त्याला ‘बायल्या, सरक तिकडं’ म्हणायची. तो सरकायचा. चहा संपवायचा आणि मग सरकायचा. भुवया कोरलेल्या, केस कमरेपर्यंत, अंगात शर्ट आणि पायजमा. त्याची बायको सुरेखा लग्नानंतर नऊवारी नेसायला त्याच्याकडून शिकली. “माज्यापरीस तुमचीच निरी बरी बसती,” असं ती आजही म्हणते, आणि त्यात टोमणा नसतो.

ह्या साली दिवाळीच्या तोंडावर सुरेखा विहिरीच्या पायरीवरून घसरली. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरात गेला. आता ऊसतोडीत हात मोडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगावं लागेल. मुकादमाच्या वहीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा तोडणार, बायको मोळी बांधून डोक्यावर वाहणार, दोघं मिळून एक कोयता. एकट्या गड्याला अर्धा कोयता म्हणतात.

मुकादम अर्जुनराव ओट्यावर वही घेऊन बसला होता. समोर वीसेक माणसं.

“अर्धा कोयता मी नेत न्हाई, आज्या,” तो म्हणाला. “पोरीला घे की संगं. मोळ्या वाहील.”

“पोरगी शाळंत जाती.”

“शाळा कुटं पळून चालली? चार महिन्याचा तर सवाल हाय.”

“पोरीचं नाव काढू नका, मुकादम. तिच्या वाटची मोळी मी वाहतो. डोक्यावर घागर घिऊन चौदा वर्सं नाचलोय, उसाचं काय एवढं?”

कोपऱ्यात सटवा बसला होता. चाळिशी उलटली, लग्न झालं नाही, दर साली अर्धा कोयता म्हणून सगळ्यांच्या शेवटी नाव लागायचं. मुकादमानं त्याच्याकडं बघितलं, मग अजिनाथकडं. त्याच्या मिशीत हसू फुटलं.

“सटवा, ऊठ बे. बायको मिळाली तुला.”

ओटा हसून खाली पडायचा राहिला. मुकादमानं खरंच लिहायला घेतलं. गड्याच्या रकान्यात सटवा. बाईच्या रकान्याशी पेन थांबला. “बाईचं नाव?”

“करिष्मा!” चार-पाच जण एकदम ओरडले.

“गाव?” हे त्यानं स्वतःच लिहिलं. “अन् वय? आज्या, करिष्माला किती झाली रं?”

“चौदा,” अजिनाथ म्हणाला. “ह्या सालात चौदा झाली इस्टेजवर.”

मुकादमानं चौदा लिहिलं. सगळ्यांबरोबर अजिनाथही हसला. त्या नावाला तो चौदा वर्षं स्वतःच ओ देत आला होता. घरी पाटी-दप्तर घेऊन त्याच नावाची एक पोरगी बसलीय, हे त्या घडीला त्याच्या ध्यानातच आलं नाही. एवढीच त्याची चूक. वहीची पानं मुकादमानं मोबाइलवर फोटो काढून कारखान्याकडं पाठवली, आणि तिथून ती यादी कुठंकुठं गेली ते तुम्हाला ठाऊक.

माजलगावच्या अंगाला धरणाच्या पाण्यावरचा ऊस. पहाटे दव पडून पाचट ओलं व्हायचं आणि ऊन चढलं की तेच पाचट करवतीसारखं हात कापायचं. सटवा बुडखा धरून खालून घाव घालायचा, शेंडा छाटायचा, ऊस मागं टाकायचा. अजिनाथ ते गोळा करून वाढ्याच्या, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पात्यांनी आवळायचा, केसांवर टॉवेल, टॉवेलवर चुंबळ, आणि मोळी डोक्यावर. ट्रॉलीला टेकवलेल्या फळीवरून चढताना गडी लोक धापा टाकतात. हा चढायचा तो कंबर न हलवता, मान ताठ, नजर समोर. बाया बघत राहायच्या.

“आगं बया, ह्यो तर आपल्याहून बरा चढतो!”

“चढंल न्हाई तर. पायात चाळ बांधून चढायची सवय हाय.”

गडी मात्र सोडायचे नाहीत. “वैनी, पदर सांभाळा,” म्हणायचे. “सटवा, बायकूला इतकं राबवू नको बे, माहेरी निघून जाईल.” सटवा खाली मान घालून घाव घालायचा. चौथ्या दिवशी तो हळूच म्हणाला, “चाळीस वर्सं पोरगी मिळाली न्हाई. मिळाली तर तू निघालास बे.” आणि दोघं पाचटावर बसून पोट धरून हसले. त्या फडातलं तेवढंच हसणं.

अकराव्या दिवशी दुपारी फोन वाजला. अजिनाथच्या डोक्यावर मोळी होती, पाय फळीच्या मध्यावर. त्यानं वर जाऊन मोळी टाकली, खाली उतरला आणि मग फोन घेतला. सुरेखा होती.

“आवं, पोरीला नेलं.”

“कुणी नेलं?”

“जीप आलती. साळंतून नेलं. म्हणत्यात तिचं लगीन लावलंय तुमी.”

“कुनासंगं?”

सुरेखा म्हणाली, “सटवाभावजीसंगं.”

अजिनाथनं मागं वळून पाहिलं. फडाच्या बांधावर एक गाडी येऊन थांबली होती. दोन पोलीस सटवाला विचारत होते, बायको कुठं आहे. सटवाच्या हातात कोयता होता. “टाक खाली,” एक जण ओरडला. सटवानं कोयता टाकला, दोन्ही हात जोडले आणि बोट अजिनाथकडं केलं. “ही काय, साहेब. हीच हाय.”

त्यांना वाटलं, चेष्टा करतोय. त्याच्या कानाखाली वाजली, आणि त्याला गाडीत घातलं.

अर्जुनरावला अजिनाथनं तिथंच गाठलं. “चला माज्यासंगं. मस्करीत लिवलं म्हणून सांगा.”

“मस्करी?” मुकादम इकडंतिकडं बघत म्हणाला. “सरकारी यादीत मस्करी केली म्हणू? मलाच आत घालतील. तू असं कर, वकील बघ.” आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद.

अजिनाथ बसनं बीडला आला. तुमच्या दारात त्यानं पहिला दिवस काढला, दुसरा काढला. पोरगी त्याच शहरात होती, मुलींच्या संस्थेत, तुमच्या खिडकीपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर, पण भेटू दिली नाही. कारण बाप आरोपी. तिसऱ्या दिवशी तुम्ही त्याला आत घेतलं. खुर्ची दिली नाही.

“यादीत करिष्मा नावाची स्त्री आहे,” तुम्ही म्हणालात. “गाव तुमचं. वय चौदा. तुमच्या मुलीचं नाव करिष्मा. गाव तेच. वय चौदा. आणखी काय पाहिजे?”

“साहेब, ती यादीतली करिष्मा मी हाय.”

तुमच्या शेजारचा कारकून तोंडावर फाइल धरून हसला.

“माजी पोरगी तर साळंत होती. तुमीच तितून आणली. ती फडात असती तर साळंत कशी असंल?”

“माहेरी आली असेल. अशा केसेस आम्ही रोज बघतो.”

अजिनाथनं आधार कार्ड ठेवलं. त्यावर अजिनाथ, पुरुष. तुम्ही म्हणालात, हे तर उलट पुरावा झालं. त्यानं मोबाइल काढला, यात्रेतला नाच दाखवला. अंबाडा, नाकात नथ, हिरवी नऊवारी. तुम्ही बराच वेळ बघितलंत. “छान आहे,” म्हणालात. “पण ह्यातली बाई तुम्हीच कशावरून?”

दाराशी उभ्या हवालदारानं तो नाच नेकनूरच्या बाजूला पुढच्या रांगेत बसून बघितला होता. अजिनाथनं त्याला लगेच ओळखलं. त्यानं पटका उडवला होता, शिट्टी मारली होती, आणि नाच संपल्यावर पडद्यामागं येऊन ‘फोटू काढू का एक’ म्हणाला होता. अजिनाथनं त्याच्याकडं बघितलं.

“तुमी तर वळखता मला, भाऊ.”

“मी कशाला वळखू?” हवालदार म्हणाला. “आपण असल्या ठिकाणी जात न्हाई.”

आठवड्यानं तुम्ही पुन्हा बोलावलंत. तोवर त्यानं सरपंचाचा दाखला आणला, शाळेचं हजेरीपत्रक आणलं. पोरगी एकही दिवस गैरहजर नव्हती. तुम्ही ते फायलीला लावलंत. म्हणालात, बालकल्याण समिती बसेल तेव्हा बघू. समिती कधी बसेल? सांगता येत नाही. मग काय मनात आलं कोण जाणे, तुम्ही खुर्चीत मागं रेललात.

“तुम्हीच ती बाई असाल तर दाखवा. इथंच. मी पंचनामा करतो, विषय संपतो.”

“हितं?”

“का? कलावंत आहात ना?”

सुरेखा दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आली. डाव्या खांद्यावर पत्र्याची पेटी, उजवा हात प्लास्टरात. तुमच्या कचेरीतल्या, कपाटांच्या मधल्या अंधाऱ्या खोलीत, जुन्या गठ्ठ्यांच्या धुळीत, अजिनाथनं शर्ट काढला. फडात गेल्यापासूनची दाढी बाहेरच्या नळावर कोरडीच खरवडली होती, हनुवटीवर रक्ताचे दोन ठिपके होते. पावडर लावायला तळहात गालावर फिरवला तर उसानं फाटलेला हात गालाला लागून ओरखडा उठला. निऱ्या धरायला सुरेखाचा एकच हात होता. तिनं निऱ्यांचं टोक दातांत धरलं, डाव्या हातानं चाप दिला. तिच्या डोळ्यातलं पाणी साडीवर पडू नये म्हणून मान तिरकी केली.

“नको करू,” ती दातांतून म्हणाली.

“घट्ट धर. सुटंल.”

तो बाहेर आला तेव्हा तुमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या दोन कचेऱ्यांतले लोक आले होते, रेशनकार्डाला आलेले आले होते, चहावाला किटली घेऊन उभा होता. सगळ्यांचे मोबाइल वर. ढोलकी नाही, पेटी नाही. फरशीवर चाळाचा आवाज गोट्या सांडल्यासारखा कोरडा येत होता. अजिनाथनं स्वतःच गळा काढला. फडातल्या धुळीनं आवाज बसला होता. पहिली ओळ फाटली. कुणीतरी हसलं. दुसऱ्या ओळीला त्यानं डोळे मिटले आणि डावा पाय टाकला.

मग तो अजिनाथ राहिला नाही, एवढं तर तुम्ही मान्य कराल. कमरेत वाक घेऊन तो टेबलापाशी आला, मान वळवली, आणि ज्यानं हसून सुरुवात केली होती त्याच कारकुनाला नजरेनं असा भिंतीला टेकवला, की त्याच्या हातातली फाइल खाली गेली. तुमचं पेन टेबलावर ठेका धरायला लागलं. तुम्हाला कळलंही नाही. दाराशी हवालदार होता. त्याला राहवलं नाही. जुनी सवय. दोन बोटं तोंडात घालून त्यानं शिट्टी मारली.

अजिनाथ जागच्या जागी थांबला.

“आता वळखलं का, भाऊ?”

तुम्ही पेन उचललंत. “ठीक आहे,” म्हणालात. “पटलं.”

करिष्माला आणलं तेव्हा तो तसाच उभा होता, घाम आणि पावडर गळ्यावरून ओघळत. पोरगी वाळली होती. अंगात संस्थेचा निळा ड्रेस, खांद्यावर मोठा होणारा. ती धावली नाही. वर धरलेले मोबाइल तिनं बघितले, एकेक करून. मग बापाच्या बाजूला येऊन उभी राहिली. त्याचा सरकलेला पदर तिनं खांद्यावर ओढून दिला.

“पप्पा, चला.”

“थांब बाळ,” तुम्ही म्हणालात. टाइप केलेला कागद पुढं सरकवलात. “हे सगळं झालं ते नावामुळं. अल्पवयीन मुलीचं नाव असल्या कामाला वापरणं योग्य नाही. यापुढं करिष्मा हे नाव स्टेजवर वापरणार नाही, असं हमीपत्र द्या. मग मुलगी तुमच्या ताब्यात.”

अजिनाथला आधी कळलंच नाही. “साहेब, पार्टी त्या नावावर चालती. लोकान्ला दुसरं नाव ठावं न्हाई.”

“मग समितीपुढं ठेवू का?”

करिष्मा मधे बोलली. “नाव माजं हाय, साहेब. मी म्हणलंय पप्पाला, लावा म्हणून. मी समद्या पोरीन्ला सांगती, माज्या नावाची बाई यात्रंत नाचती म्हणून.”

“तू लहान आहेस. तुला त्यातलं कळत नाही.”

“लहान हाय तर दोन आठवडे मला लगीन झालेली कावून म्हणत होता?”

सुरेखानं तिचं मनगट धरलं. तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलंत. कागद टेबलावर तसाच होता, पेन त्याच्यावर.

अजिनाथनं पोरीकडं बघितलं. मग वाकला. वाकताना चाळ वाजले. फाटलेल्या बोटांत पेन नीट बसेना, पहिल्या अक्षराचा फराटा गेला. त्यानं तो पुन्हा गिरवला आणि सही केली.

सटवा त्याच संध्याकाळी सुटला. पाटोद्याच्या बसमध्ये मागच्या बाकावर चौघं बसले. लुगडं बदलायला तुम्ही खोली पुन्हा उघडून दिली नव्हती, म्हणून अजिनाथनं त्यावरच शर्ट चढवला होता. तुमच्या कचेरीतला नाच त्यांच्या आधी गावात पोचला होता. बसमधल्या दोन पोरांच्या मोबाइलवरही तोच चालू होता. आवाज मोठा. करिष्मा उठली, त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. “दिसतंय का नीट?” तिनं विचारलं. “न्हाई तर पप्पा हितंच हायत. मागं बसलेत.” पोरांनी मोबाइल खिशात घातला. ती परत आली तेव्हा अजिनाथनं खिडकीकडं तोंड केलं होतं.

आता, साहेब, ऐकून झालं असेल तर बोला.

शिमगा झालाय. चैत्र आठ दिवसांवर आलाय. सुग्रीव रोज फोन करतोय. यात्रेचा फलक छापायला टाकायचाय, गावोगावची माणसं विचारतात करिष्मा येणार का, आणि अजिनाथ ‘बघू’ म्हणून फोन ठेवतो. दुसरं नाव सुचव म्हणाला सुग्रीव. दोन-तीन सुचवली पण. अजिनाथ ती आरशापुढं तोंडातल्या तोंडात म्हणून बघतो आणि पाय उचलत नाही. तुमच्या यादीत मात्र आजही ‘सटवा, करिष्मा, वय चौदा, जोडपं’ तसंच आहे. परवा शाळेनं विचारलं तेव्हा तुमच्याच कारकुनानं सांगितलं, ते खोडायचा अधिकार आम्हाला नाही. म्हणजे खोटं नाव कागदावर राहिलं, आणि खऱ्या माणसाकडून काढून घेतलं.

ती पोरगी शाळेत होती, हे तुम्ही पहिल्या दिवशी डोळ्यांनी बघितलंत. मग कुठल्या कायद्यानं तिला उचललीत? बापाला तुमच्या फरशीवर नाचवलंत, तो पंचनामा फायलीत कुठं आहे? चित्रीकरण कुणाच्या हुकमानं झालं? आणि पोरगी आणि पोट, ह्यातलं एक टेबलावर ठेव, असं बापाला सांगायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

फलकावर काय नाव छापायचं, ते सांगा. चैत्राच्या आत सांगा. लेखी द्या.